सप्तशृंगगड आणि समोरचा मार्कंड्या

"वणीच्या देवीला जाऊन येऊ" असं सगळेच म्हणतात आणि पहिली चूक तिथेच होते. वणी हे दिंडोरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. देवीचा, म्हणजे सप्तशृंगीचा, गड कळवण तालुक्यात, आणि पायथ्याचं गाव नांदुरी. मोबाइलच्या नकाशात नुसतं "वणी" टाकलं की गाडी वणीच्या बाजारपेठेत नेऊन सोडतो. तिथेही जगदंबेचं जुनं मंदिर आहे. नवखी माणसं तिचं दर्शन घेऊन पायऱ्या कुठे आहेत म्हणून विचारत फिरतात. ते मंदिर मुद्दाम जाऊन बघावं असंच आहे. ज्यांना गड झेपत नाही अशी कितीतरी म्हातारी माणसं तिथेच ओटी भरून परततात. पण गडावर जायचं असेल तर नकाशात "नांदुरी" किंवा "सप्तशृंगगड" टाका.

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी असा सरळ रस्ता आहे, गडापर्यंत एकूण सुमारे ६५ किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गाने येणाऱ्यांना नाशिक शहरात शिरायची गरज नाही, पिंपळगाव बसवंतहून वणीला फुटता येतं. धुळे, जळगावकडची मंडळी मालेगाव, देवळा, कळवण करत उलट्या बाजूने नांदुरीला उतरतात. सुरतेकडून येणाऱ्यांना सापुताऱ्याचा घाट चढून वणी गाठणं सोयीचं. हिवाळ्यात याच सापुतारा रस्त्याला सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी विकायला बसलेली दिसते, ती येताना घ्यावी. जाताना घेतली तर गडावर पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. गाडीत इंधन भरायचं असेल तर ते वणीलाच उरकून घ्या.

नांदुरीपासून गडापर्यंतचा घाट साधारण १० किलोमीटरचा. रस्ता चांगला आहे, आणि धोका त्यातच आहे. चढताना काही वाटत नाही, चुका उतरताना होतात. दर्शन झालेलं असतं, पोट भरलेलं असतं, घरी जायची घाई असते, आणि चालक गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवत आणतो. चार-पाच किलोमीटर असं आलं की ब्रेक तापतात आणि नेमक्या खालच्या वळणांवर धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये गाडी चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा जुना नियम इथे तंतोतंत पाळावा. २००८ च्या जानेवारीत या घाटात खासगी बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविक गेले. २०२३ च्या जुलैत गणपती पॉइंटजवळ एसटीसुद्धा दरीत गेली होती. टपावर किंवा मागच्या फाळक्यावर माणसं बसवलेल्या पिकअपमधून कोणी "चला, सोडतो" म्हणालं तर नको म्हणावं. पावसाळ्यात धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही. अशा वेळी दिवे खालच्या झोतावर ठेवायचे. वरचा झोत धुक्यावरूनच परत डोळ्यांवर येतो.

जायचा दिवस ठरवताना पंचांग बघाच. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत आणि आश्विनात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत अशा दोन मोठ्या यात्रा भरतात. चैत्राची यात्रा ही मुख्यतः खानदेशाची. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लोक उन्हातान्हात चालत येतात, आणि त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला मंडप, पाण्याचे टँकर, पाय चेपून देणारी पोरं असा सगळा थाट असतो. तिसरा गर्दीचा दिवस कोजागिरीचा. त्या दिवशी कावडीवाले नद्यांचं पाणी घेऊन गडावर येतात, आणि तृतीयपंथीयांचा मोठा मेळाही तेव्हाच भरतो. दोन्ही मोठ्या यात्रांच्या काळात खासगी गाड्या नांदुरीच्या तळावर अडवतात, पुढे एसटीच्या बसनेच जायचं. लोक यावर कुरकुरतात, पण तो घाट आणि ती गर्दी पाहिली की दुसरा उपाय सुचत नाही. नांदुरीला बस पटकन मिळते. रांग लागते ती परतताना वर, आणि तीही मोठी. संध्याकाळच्या आरतीनंतर सगळेच एकदम उतरायला निघतात, म्हणून तासभर आधी तरी खाली या, नाहीतर सरळ मुक्काम करा.

यात्रा सोडून इतर दिवसांत मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि रविवार टाळले तर गड अगदी वेगळा वाटतो. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी सातला तुम्ही पहिल्या पायरीशी असाल तर देवीसमोर दोन क्षण जास्त उभं राहता येतं. हे दोन क्षण कशासाठी लागतात ते पुढे येईलच.

घाट चढून आलात म्हणजे देवीपाशी पोचलात असं नाही. तुम्ही येता ते डोंगराच्या खांद्यावरच्या सपाटीवर, जिथे गाव, दुकानं, धर्मशाळा, ट्रस्टचं भक्तनिवास आणि प्रसादालय आहे. तिथून मान वर केली की सरळसोट कातळभिंत दिसते आणि तिच्या पायथ्याशी चिकटवल्यासारखं मंदिर. शिखर साडेचार हजार फुटांहून उंच आहे, पण दर्शनाला आलेलं कोणी तिथवर जात नाही. देवी कड्याच्या कपारीत आहे, माथ्यावर नाही.

गाव ते मंदिर जाण्याला दोन मार्ग आहेत. पायऱ्या पाचशेच्या आसपास. नेमका आकडा विचाराल तर प्रत्येकाचा वेगळा, कारण मधले सपाट टप्पे कोण धरतं, कोण सोडतं. अठराव्या शतकात सरदार खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाईंनी इथे पायऱ्या बांधवल्या. त्याआधी माणसं कशी चढत असतील ते कडा बघूनच समजावं. सुरुवातीला महिषासुराचं दगडी मस्तक आहे. बहुतेक लोक त्याला ओलांडून घाईने पुढे जातात, पण कथेचा क्रम तिथून सुरू होतो: आधी मारलेला रेडा, मग मारणारी. रोज चालणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटांत वर जातो. सवय नसलेल्याने पाऊण तास धरावा आणि पोटभर जेवून चढू नये. कडक उपास करून तर मुळीच चढू नये. पायऱ्यांवर घेरी येऊन बसलेले असतात ते बहुतेक सकाळपासून चहावर असलेले उपासवाले. खिशात गुळाचा खडा किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवला तर देवी रागवत नाही.

दुसरा मार्ग फ्युनिक्युलर ट्रॉलीचा. लोक तिला सरसकट "रोपवे" म्हणतात, पण ती हवेत लटकत जात नाही. उतारावर रूळ टाकलेत आणि त्यावरून डबा जाड तारेने ओढला जातो. फ्युनिक्युलरमध्ये दोन डबे एकमेकांना तोलून धरतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, त्यामुळे यंत्राला फक्त दोन्हींच्या वजनातला फरक ओढावा लागतो. २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा देशातली पहिली म्हणून गाजावाजा झाला. तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन टेकडीवर रुळांवरची विंच गाडी त्याआधी कितीतरी वर्षं धावत होती, ती कोणाच्या लक्षात आली नसावी. असो. वर जायला तीन-चार मिनिटं पुरतात. पण लक्षात घ्या, ट्रॉलीने पाय वाचतात, वेळ वाचेलच असं नाही. रविवारी ट्रॉलीच्या रांगेत जितका वेळ जातो तेवढ्यात धडधाकट माणूस पायऱ्यांनी चढून दर्शन घेऊन परत येतो. आणि देखभालीसाठी ती अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात. घरून आजीला घेऊन निघणार असाल तर आदल्या दिवशी ट्रस्टच्या कार्यालयात फोन करून ट्रॉली चालू आहे ना, एवढं विचारा.

बहुतेक लोक ट्रॉलीने वर जातात आणि "उतरायला काय लागतं" म्हणून पायऱ्यांनी खाली येतात. गुडघे दुखत असतील त्यांनी नेमकं उलटं करावं. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की जातो. उतरताना प्रत्येक पायरीला अख्ख्या अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो, आणि ते दुखणं घरी आल्यावर आठवडाभर पुरतं. एकेरी तिकीट मिळतं का ते खिडकीवर विचारून घ्या.

चप्पल गाडीतच ठेवली तर उत्तम. नाहीतर पहिल्या पायरीजवळच्या ज्या दुकानातून ओटी घ्याल तिथे ठेवू देतात. एप्रिलच्या दुपारी दगड तव्यासारखा तापतो, म्हणून लहान मुलांच्या पायांत जाड मोजे असू द्या. माकडं भरपूर आहेत. ती ओटी ओळखत नाहीत, पिशवी ओळखतात. प्लास्टिकची करकरणारी पिशवी हातात लोंबकळत नेली की ती गेलीच म्हणून समजा. नारळ, खण, फुलं कापडी पिशवीत घालून ती छातीशी धरावी, आणि माकडाने ओढलीच तर सोडून द्यावी. झोंबाझोंबीत माणूस पायऱ्यांवरून पडतो.

ओटीबद्दल एक बारकावा. देवीला नेसवायचं महावस्त्र अकरा वारी असतं, आणि चोळीला तीन खण लागतात. एक वार म्हणजे तीन फूट, तेव्हा अकरा वार म्हणजे साधारण दहा मीटर. दुकानातली नेहमीची साडी साडेपाच मीटरच्या आसपास भरते, आणि नऊवारी घेतली तरी दोन वार कमी पडते. नवसाचं महावस्त्र आपणच नेणार असाल तर ते अकरा वारी सलग विणलेलं किंवा मुद्दाम तयार करून घेतलेलं हवं, आणि त्याची नोंद आधी कार्यालयात करायला हवी. ओटीत ठेवायची साडी मात्र कुठलीही चालते. दोन्हींतला फरक न कळल्याने देवीच्या अंगावर आपलीच साडी दिसेल या आशेने आलेल्या बायका हिरमुसून परततात.

आता मूर्ती. गाभारा म्हणजे कड्यातली कपारच. मूर्ती कातळातच कोरलेली, सुमारे आठ फूट उंच, अठरा हातांची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. अंगभर शेंदूर, डोक्यावर मुकुट, नाकात नथ, आणि ते मोठे डोळे. मंदिराला शक्तिद्वार, सूर्यद्वार आणि चंद्रद्वार अशी तीन दारं आहेत, आणि तिन्हींतून देवी दिसते. गर्दीत माणूस दाराच्या चौकटीतून पुढे ढकलला जातो, "चला, चला" कानावर येत असतं, आणि बाहेर पडल्यावर आठवतात ते फक्त डोळे. अठरा हातांत काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून घरून पाठ करून जावं अशी एक गोष्ट आहे. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीत मधल्या चरित्राच्या, म्हणजे मधल्या भागाच्या, सुरुवातीला अठरा हातांच्या महालक्ष्मीचा ध्यानश्लोक आहे. त्यात हातातल्या वस्तू ओळीने येतात: जपमाळ, परशू, गदा, बाण, वज्र, कमळ, धनुष्य, कमंडलू, दंड, शक्ती, तलवार, ढाल, शंख, घंटा, मद्यपात्र, शूळ, पाश आणि सुदर्शन चक्र. मोजा, बरोबर अठरा भरतात. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणी काय दिलं तेही आहे. शूळ शंकराने दिला, चक्र विष्णूने, शंख वरुणाने, वज्र आणि घंटा इंद्राने, दंड यमाने, जपमाळ प्रजापतीने, कमंडलू ब्रह्मदेवाने, परशू विश्वकर्म्याने, आणि पानपात्र कुबेराने. ही यादी डोक्यात असली की समोर उभं राहिल्यावर नजर भिरभिरत नाही. आधी डोळे, मग एका बाजूचे हात वरून खाली, मग दुसऱ्या बाजूचे. दहा सेकंदांत पुष्कळ दिसतं. साडी आणि फुलांनी काही हात झाकलेले असतात. सगळे बघायचे असतील तर पहाटेच्या पूजेच्या वेळेला यावं लागतं, आणि त्यासाठी आदल्या रात्री गडावर मुक्काम हवा. मंदिर पहाटे पाचच्या सुमाराला उघडतं. हिवाळ्यात त्या वेळेला वर चांगलाच गारठा असतो, शाल न्यावी.

आज जी मूर्ती दिसते ती आधीच्या पिढीने पाहिलेली नाही, हेही ठाऊक असावं. वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढत गेला आणि मूळ कोरीवकाम त्या थराखाली गाडलं गेलं होतं. २०२२ च्या जुलैत मंदिर बंद ठेवून संवर्धनाचं काम हाती घेतलं. एक टनाहून जास्त शेंदूर उतरवला गेला, आणि खालून वेगळाच रेखीव चेहरा समोर आला. त्या वर्षीच्या घटस्थापनेला, २६ सप्टेंबरला, दर्शन पुन्हा सुरू झालं. तेल कालवून लावलेला शेंदूर दगडाला श्वास घेऊ देत नाही. आत ओल साठते आणि थर सुटताना दगडाचा पापुद्रा घेऊनच पडतो. त्यात रोजच्या पंचामृताची भर. तेव्हा "आमच्या हाताने अभिषेक करू द्या" असा हट्ट पुजाऱ्यांजवळ धरू नये. मूर्ती टिकली तर अभिषेक.

त्या मूर्तीत एक गोष्ट आहे जी शेंदूर होता तेव्हाही दिसायची आणि आताही दिसते. देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत बसलेत आणि देवी कान देऊन ऐकते आहे, असं गडावर कोणीही सांगेल. सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचाच भाग. म्हणजे जिच्या पराक्रमाचं ते आख्यान, तीच ते ऐकते आहे.

आणि लोक काय करतात? दर्शन घेतात, कुंकू लावतात आणि खाली मान घालून पायऱ्या उतरू लागतात. देवी जिकडे कान देऊन बसली आहे तिकडे मागे वळून एकदाही बघत नाहीत. गडाच्या पूर्वेला, मधे खोल दरी टाकून, कातळाचा मुकुट घातल्यासारखा जो डोंगर उभा आहे तो मार्कंड्या. तो न बघता परतलं तर त्या कललेल्या मानेचा अर्थ अर्धाच राहतो.

मार्कंड्याच्या मागे जोडीने उभे दिसतात ते रवळ्या आणि जवळ्या हे किल्ले. त्यांच्याही पलीकडे, आकाशात चौकोनी खाच पाडल्यासारखी जी भिंत दिसते तो धोडप. ती खाच एकदा ओळखली की सातमाळा रांगेत कुठूनही दिशा चुकत नाही. पश्चिमेकडे अहिवंत आणि अचला हे किल्ले. नांदुरीच्या जवळचा मोहनदरीचा किल्ला त्याच्या नेढ्यावरून ओळखावा, डोंगराच्या धारेला आरपार भोक आहे आणि त्यातून पलीकडचं आकाश दिसतं. ते खालून, नांदुरी परिसरातूनच चांगलं दिसतं, म्हणून घाट चढायच्या आधी गाडी कडेला घेऊन बघावं. उत्तरेला कळवणचं खोरं. हवा स्वच्छ असली तर त्याच्याही पलीकडे साल्हेरचा सुळका दिसतो, १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. ही रांग म्हणजे पाणलोटाचा कणा. तुम्ही उभे आहात तिथे उत्तरेला पडलेला थेंब गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो, दक्षिणेला पडलेला गोदावरीतून बंगालच्या उपसागराला.

हे सगळं दिसायला महिना नीट निवडावा लागतो. जून ते सप्टेंबर गड हिरवागार असतो, घाटात धबधबे असतात, आणि डोंगर बघायला गेलात तर बहुधा पांढरं धुकं दिसतं. फेब्रुवारीपासून हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर भरतो. मार्कंड्या दिसतो, पण मागचा धोडप पुसट होत जातो. पाऊस ओसरल्यानंतरचे दीड-दोन महिने आणि पुढे जानेवारीपर्यंतच्या सकाळी सर्वांत चांगल्या. सूर्य मार्कंड्याच्या बाजूने वर येतो, त्यामुळे अगदी पहाटे डोंगराची फक्त काळी कड दिसते. फोटो काढायचा असेल तर दुपारी तीननंतर काढा, तेव्हा मावळतीकडचं ऊन समोरच्या कड्यांवर पडतं आणि कातळाचे थर मोजता येतात.

ते थर नुसते सुंदर नाहीत, तेच इथल्या धोक्याचं मूळ. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे, आणि कठीण थरांच्या मधे मऊ, तांबूस माती झालेले थर असतात. पाऊस मऊ थर खातो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, भेगांत पाणी आणि झाडांची मुळं शिरतात आणि एक दिवस धोंडा सुटतो. मंदिर नेमकं अशा कड्याच्या पायथ्याशी आहे. वर संरक्षक जाळ्या बसवल्या आहेत. तरी २०२२ च्या जुलैत ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा पाणी, माती, दगड पायऱ्यांवरून धबधब्यासारखे खाली आले आणि भाविक जखमी झाले. जोराचा पाऊस सुरू झाला तर पायऱ्यांवर कड्याला टेकून थांबू नये. आडोसा वाटतो तीच जागा वाईट. छताखालच्या टप्प्यात किंवा मंदिरात थांबावं आणि पाण्याचा लोंढा ओसरल्यावरच उतरावं. डोंगराभोवतीच्या मोठ्या प्रदक्षिणेलाही पावसाळ्यात जाऊ नये, आणि इतर वेळी गावातला माहीतगार बरोबर असावा.

गडावर बाकी बघायचं म्हटलं तर शिवालय तीर्थ, त्याच्याजवळचं सिद्धेश्वराचं मंदिर आणि शीतकडा. शीतकडा म्हणजे एकदम तुटलेला कडा. कठड्याच्या अलीकडूनच बघावा, तिथे सेल्फीसाठी पाऊल पुढे टाकणाऱ्यांना काय सांगावं! तांबूलतीर्थाचं पाणी तांबूस आहे, देवीने तिथे विडा थुंकला म्हणून. शेंदूर, विडा, तांबडी माती, सगळ्या गडाचा रंगच एक आहे.

साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ, असं आपण शाळेपासून ऐकतो. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि सप्तशृंगी ओंकारातली अर्धी मात्रा. गडावर हे बोलताना जरा जपून, तिथल्या लोकांना "अर्धं" आवडत नाही. त्यांच्या मते हेच आद्य.

शिखराकडे बघितलं तर भगवं निशाण फडकताना दिसेल. ते कीर्तिध्वज. वर्षातून दोनदा, चैत्र आणि आश्विनातल्या यात्रांत, दरेगावचे गवळी रात्री शिखरावर जाऊन तो लावतात. मान पिढीजात त्यांचाच. अकरा मीटर कापड आणि दहा फुटांची काठी घेऊन तो कडा अंधारात चढायचा. वाट कोणती, ते इतर कोणी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. ही वाट शोधायला ट्रेकरांनी जाऊ नये. श्रद्धा बाजूला ठेवली तरी तो सुटा कातळ आहे, आणि खाली मंदिरात माणसं असतात. वरून निसटलेला मुठीएवढा दगड खाली पोचेपर्यंत जीवघेणा होतो.

चढायची हौस असेल तर मार्कंड्या आहेच. त्याची वाट रवळ्या-जवळ्या आणि मार्कंड्या यांच्यामधल्या खिंडीतून, मुळाणबारीतून वर जाते. खिंडीपासून माथा दीड-दोन तासांचा. वर ऋषींचं छोटं मंदिर आहे. वाटेत दुकान नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं आणि रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. गडावर सकाळी दर्शन आणि दुपारनंतर मार्कंड्या असा बेत करू नका, उतरताना अंधार होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी गड, रात्री मुक्काम, पहाटेची आरती, आणि मग घाट उतरून आठच्या आत खिंडीत. माथ्यावर पोचलात की पश्चिमेकडे तोंड करून बसा. दरीपलीकडे सप्तशृंगीची अख्खी कातळभिंत समोर असते, सातही शिखरं मोजता येतात, आणि भिंतीच्या पायथ्याशी बोटाच्या पेराएवढं मंदिर दिसतं. सकाळचं ऊन तेव्हा नेमकं तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडलेलं असतं.